लाल दिवा लागण्याआधी : गायकाचं रेकॉर्डिंग आणि पुढची वाट



आजचा विषय गाणं शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरात कधी ना कधी निघतो. घर इंदूरचं असो, बडोद्याचं असो, हैदराबाद किंवा बेळगावचं असो. मुलगी आठ-दहा वर्षं गाणं शिकलेली असते. परीक्षा दिलेल्या असतात, गणेशोत्सवात गाते, लोक कौतुक करतात. मग कोणीतरी म्हणतं, "अहो, एखाद्या चांगल्या स्टुडिओत हिचं गाणं रेकॉर्ड करून घ्या, नाव होईल." घरचे पैसे बाजूला काढतात, तारीख ठरते. आणि काचेपलीकडच्या त्या शांत खोलीत, कानाला हेडफोन लावल्यावर, कालपर्यंत सुरेल वाटणारी मुलगी एकदम बावरते. आपलाच आवाज तिला परका वाटतो. दोन तासांत चार ओळी होतात, घड्याळ पळत असतं, पैसे संपत असतात.

हे टाळता येतं. त्यासाठी स्टुडिओत नेमकं काय होतं, कोणत्या क्रमानं होतं आणि त्यातून पुढची वाट कशी निघते, हे आज आपण समजून घेऊ. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बाकी सगळं तिच्याभोवती फिरणार आहे. स्टुडिओ गायक घडवत नाही. तो नोंद करतो. नोंद दोन गोष्टींची होते : एक तुमच्या सुराची आणि दुसरी तुमच्या नावाची. या दोन्ही गोष्टी आधी तयार करून न्याव्या लागतात. सुराची तयारी बरेच जण करतात. नावाची तयारी फार थोडे करतात, आणि नुकसान बहुतेक वेळा तिथंच होतं.

माइकला काय ऐकू येतं

मैफलीत समोरचा माणूस तुमचं गाणं कानांनी ऐकतो, तसं डोळ्यांनीही ऐकतो. तुमचा हात, चेहरा, तबलजीकडे बघून केलेलं हसू, समेवर आल्यावर उठलेली दाद, हे सगळं गाण्यात मिसळतं. एखादा स्वर निसटला तरी पुढच्या तानेत तो विसरला जातो. माइकला यातलं काहीच दिसत नाही. त्याला फक्त हवेचा दाब कळतो.

स्टुडिओत गाण्यासाठी सहसा कंडेन्सर प्रकारचा माइक असतो. तो फार संवेदनशील असतो. ओठ सुटल्याचा आवाज, गिळल्याचा आवाज, बांगड्यांची किणकिण, कडक इस्त्रीच्या कपड्याची सळसळ, सगळं तो पकडतो. 'प', 'फ', 'ब', 'भ' म्हणताना तोंडातून हवेचा झोत निघतो आणि माइकवर धप्प असा आवाज येतो. म्हणून माइकसमोर जाळीची चकती लावतात, तिला पॉप फिल्टर म्हणतात. 'स' आणि 'श' जास्त झाले तर शिट्टीसारखे टोचतात. माइकपासून साधारण एक वीत अंतर ठेवायचं असतं. फार जवळ गेलात तर आवाज जाड आणि घुमणारा होतो, लांब गेलात तर खोली ऐकू येऊ लागते. वरचा सूर लावताना किंचित मागं व्हायचं आणि हळुवार ओळीला पुढं यायचं, ही सवय रियाजात करावी लागते. स्टुडिओत ऐनवेळी ती जमत नाही.

माइक येण्याआधीचा काळ बघा. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात आले आणि हॉटेलच्या खोलीत त्यांनी गौहरजान यांचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. तेव्हा माइक नव्हता. मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचं, आवाजाच्या जोरानं सुई हलायची आणि मेणाच्या तबकडीवर खाच पडायची. वेळ मिळायचा साधारण तीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या कलावंतीणीला तो तीन मिनिटांत, तोही कर्ण्यात ओरडून, उभा करायचा होता. गौहरजान यांनी ते साधलं, कारण काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे त्यांनी ठरवलं होतं. गाण्याच्या शेवटी त्या इंग्रजीत आपलं नाव पुकारत असत. तबकड्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला छापल्या जायच्या, तिथल्या कारागिरांना कोणाचं गाणं आहे ते कळावं म्हणून ही सोय होती, असं सांगितलं जातं. नावाचा हा मुद्दा लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

१९२५ च्या आसपास विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण आलं आणि गाण्याची रीतच बदलली. आता ओरडायची गरज उरली नाही. कलकत्त्याच्या न्यू थिएटर्समध्ये कुंदनलाल सैगल कानाशी बोलल्यासारखं गाऊ शकले, ते माइकमुळे. १९३५ साली त्याच न्यू थिएटर्सच्या 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन वापरलं गेलं आणि पडद्यावरचा चेहरा व गाणारा गळा वेगळे झाले. इथून 'स्टुडिओतला गायक' हा स्वतंत्र पेशा सुरू झाला.

एकाच टेकचा काळ

या पेशाचं सर्वांत मोठं उदाहरण आपल्या सर्वांच्या ओळखीचं आहे. लता मंगेशकर. जन्म इंदूरचा, २८ सप्टेंबर १९२९. १९४२ साली वडील मास्टर दीनानाथ गेले तेव्हा त्या तेरा वर्षांच्याही नव्हत्या, आणि घराची जबाबदारी अंगावर आली. त्याच वर्षी 'किती हसाल' या मराठी चित्रपटासाठी त्यांनी गाणं गायलं, पण ते चित्रपटातून वगळलं गेलं. पुढे गुलाम हैदर यांनी त्यांचा आवाज फिल्मिस्तानच्या शशधर मुखर्जी यांना ऐकवला. उत्तर आलं, आवाज फार बारीक आहे. गुलाम हैदर यांनी मग १९४८ च्या 'मजबूर'मध्ये त्यांना गायला लावलं.

त्या काळी रेकॉर्डिंग म्हणजे सगळ्यांची एकत्र परीक्षा. गायिका, व्हायोलिनवाले, तबला, सतार, सगळे एकाच वेळी वाजवणार आणि एकाच वेळी मुद्रण होणार. शेवटच्या कडव्यात कोणी चुकलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे गाण्याची तालीम आधी होई आणि लाल दिवा नंतर लागे.

१९४९ च्या 'महल'मधलं 'आयेगा आनेवाला' घ्या. संगीतकार खेमचंद प्रकाश. गाणारी स्त्री लांबून जवळ येते आहे असं वाटायला हवं होतं. आज हे काम यंत्रावर बोट फिरवून होतं. तेव्हा माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला आणि लताबाई कोपऱ्यातून गात गात हळूहळू माइकपर्यंत चालत आल्या. चाल, सूर, शब्द आणि पावलं, सगळं एकदम सांभाळून. कित्येकदा करून बघितल्यावर ते साधलं.

हे साधण्यामागे बरीच न दिसणारी मेहनत होती. श्वास कुठे घ्यायचा, शब्द न तोडता आणि माइकला कळू न देता कसा घ्यायचा, हे आपण अनिल विश्वास यांच्याकडून शिकलो, असं लताबाई सांगत. मराठी माणसाच्या उर्दूबद्दल दिलीपकुमार यांनी शेरा मारल्यावर त्यांनी शिक्षक ठेवून उर्दू उच्चार पक्के केले. गाण्याचे शब्द स्वतःच्या हातानं कागदावर उतरवून घ्यायची त्यांची सवय होती. यातली एकही गोष्ट स्टुडिओत शिकलेली नाही. स्टुडिओत फक्त तिची नोंद झाली.

आजच्या स्टुडिओतला क्रम

आता परिस्थिती उलट आहे. ए. आर. रहमान यांनी चेन्नईतल्या आपल्या घराच्या आवारात स्टुडिओ उभारला आणि १९९२ च्या 'रोजा'पासून देशभर कामाची पद्धत बदलत गेली. वादक वेगळ्या दिवशी येतात, गायक वेगळ्या दिवशी. १९९८ च्या 'दिल से'मधलं 'जिया जले' गाण्यासाठी लताबाई सत्तरीच्या उंबरठ्यावर असताना चेन्नईला गेल्या होत्या. ज्यांनी भरल्या वाद्यमेळासमोर आयुष्य काढलं, त्यांनी ही नवी रीतही आत्मसात केली. आजचा गायक बहुतेक वेळा त्या खोलीत एकटा असतो. त्याच्या कामाचा क्रम साधारण असा असतो.

पहिली पायरी : पट्टी ठरवणं. तुमची काळी एक की पांढरी चार, हे गुरुजींच्या पेटीवर ठरलेलं असतं. पण गाण्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर दोन्ही आरामात लागतात का, हे त्या विशिष्ट गाण्यासाठी पुन्हा तपासा. वाद्यं एकदा त्या पट्टीत वाजली की पट्टी बदलणं म्हणजे सगळं काम पुन्हा करणं.

दुसरी पायरी : डमी. म्हणजे कच्चं गाणं. संगीतकार किंवा दुसरं कोणीतरी साध्या साथीवर चाल गाऊन ठेवतो. ते तुम्हाला आठवडाभर आधी मिळायला हवं. मिळत नसेल तर मागून घ्या.

तिसरी पायरी : हेडफोन. कानात साथ येते, तुमचा स्वतःचा आवाज येतो आणि लय धरायला टिक-टिक येते, तिला क्लिक म्हणतात. तबलजीशी डोळ्यांनी बोलत गाणाऱ्याला ही क्लिक सुरुवातीला निर्जीव वाटते. घरी मेट्रोनोमवर किंवा तबल्याच्या ॲपवर रोज वीस मिनिटं गायलात तर ही अडचण राहत नाही. हेडफोनमध्ये आपला आवाज फार मोठा असेल तर माणूस दबून गातो, फार लहान असेल तर ताणून गातो. त्यामुळे "माझा आवाज थोडा कमी करा, तानपुरा वाढवा" असं रेकॉर्डिस्टना मोकळेपणानं सांगा. त्यात संकोच कसला? पुष्कळ गायक एक कान अर्धा उघडा ठेवतात, त्यानं स्वतःच्या सुराचा अंदाज येतो.

चौथी पायरी : टेक. आधी दोन-तीनदा पूर्ण गाणं गाऊन घ्या. भाव त्यात सापडतो. मग ओळीओळीनं काम सुरू होतं. चुकलेला शब्द तेवढाच पुन्हा घेता येतो, त्याला पंच करणं म्हणतात. शेवटी पाच-सहा टेकमधली पहिली ओळ यातली, दुसरी त्यातली, असं निवडून एक सलग गाणं जोडतात. ऐकणाऱ्याला जोड कळत नाही, पण त्यासाठी एक अट आहे. प्रत्येक टेकमध्ये माइकपासूनचं अंतर, आवाजाची ताकद आणि उच्चार सारखे हवेत. म्हणजे तुकड्यातुकड्यानं गायलं तरी शिस्त पूर्ण गाण्याचीच लागते.

यंत्र सूर दुरुस्त करतं ना?

हा प्रश्न हमखास येतो. करतं. १९९७ साली अँडी हिल्डेब्रँड यांचं ऑटो-ट्यून बाजारात आलं. हे गृहस्थ आधी तेल कंपन्यांसाठी जमिनीखालच्या लहरींचं विश्लेषण करत. तेच गणित त्यांनी आवाजाला लावलं. गायलेला सूर जिथं असायला हवा त्याच्या थोडा खाली-वर असेल, तर यंत्र त्याला जागेवर नेतं.

आता आपल्या गाण्याची गंमत बघा. आपल्याकडे सूर एका जागी खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दरबारीतला गंधार झुलतो. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मींड असते. यंत्र सरसकट लावलं तर मींडेच्या पायऱ्या होतात आणि झुलणारा गंधार सपाट होतो. मग एकेक जागा हातानं दुरुस्त करावी लागते आणि त्यात तासन्‌तास जातात. ते तास गायकाच्या किंवा निर्मात्याच्या खिशातून जातात. म्हणून ज्याची दुरुस्ती कमी करावी लागते, त्याला दुसऱ्यांदा फोन येतो. स्टुडिओच्या धंद्यातली ही साधी गोष्ट आहे. वेळेवर येणारा, शब्द पाठ असलेला आणि तिसऱ्या-चौथ्या टेकमध्ये काम देणारा गायक सगळ्यांना हवा असतो.

दुरुस्तीनंतर मिक्सिंग होतं. आवाजाच्या कमी-जास्त चढ-उतारांना आटोक्यात आणणं, टोचणारा भाग कापणं, थोडी घुमारी देणं आणि वाद्यांमध्ये आवाजाला जागा करून देणं, हे ते काम. शेवटी मास्टरिंग. फोनवर, गाडीत आणि मोठ्या स्पीकरवर गाणं नीट वाजावं म्हणून केलेला हा शेवटचा हात. गाणं सर्वांत मोठ्यानं वाजावं असा हट्ट इथं धरू नका. आजचे बहुतेक ऐकण्याचे मंच सगळ्या गाण्यांची पातळी स्वतःच सारखी करतात. तुम्ही दाबून मोठं केलेलं गाणं तिथं खाली आणलं जातं आणि फक्त त्याचा जीव गेलेला असतो.

सुरुवातीला हे सगळं घरी करून बघता येतं. कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर, भिंतीला दोन गोधड्या लावून, पंखा बंद करून, फोनवर रोज एक गाणं रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. महिनाभरात स्वतःचा आवाज परका वाटेनासा होतो. स्टुडिओतले पहिले दोन तास तुम्ही इथंच वाचवलेत.

नावाची गोष्ट

आता दुसऱ्या नोंदीकडे येऊ. 'महल'चं गाणं देशभर गाजलं, पण पहिल्या तबकड्यांवर गायिकेचं नाव होतं कामिनी. कामिनी हे मधुबालानं केलेल्या पात्राचं नाव. तेव्हा तबकडीवर पात्राचं नाव छापायची रीत होती. श्रोत्यांनी रेडिओला पत्रं लिहून विचारलं, ही गाते कोण? मग खरं नाव लोकांना कळलं.

लताबाईंनी हा मुद्दा पुढे सोडला नाही. 'चोरी चोरी'च्या संगीतासाठी शंकर-जयकिशन यांना फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा त्या समारंभात गायला त्यांनी नकार दिला. कारण गायकासाठी पुरस्कारच नव्हता. १९५९ मध्ये पार्श्वगायनाचा पुरस्कार सुरू झाला आणि 'मधुमती'मधल्या गाण्यासाठी तो त्यांनाच मिळाला. साठच्या दशकात त्यांनी गायकांच्या रॉयल्टीचा आग्रह धरला. महंमद रफी यांचं मत वेगळं होतं. एकदा मानधन घेतलं की गायकाचा हक्क संपला, असं त्यांना वाटे. या मतभेदातून काही वर्षं दोघांनी एकत्र गाणं बंद ठेवलं होतं.

कायद्यानं या प्रश्नाचं उत्तर २०१२ साली दिलं. कॉपीराइट कायद्यातल्या त्या दुरुस्तीनुसार, चित्रपटात आपलं गाणं वापरायला गायकानं एकदा संमती दिली, तरी त्या गाण्याच्या व्यावसायिक वापरासाठी त्याला रॉयल्टीचा हक्क राहतो. कलाकार म्हणून आपलं नाव लावलं जावं, हा हक्कही त्याच दुरुस्तीनं दिला. २०१३ साली गायकांची रॉयल्टी गोळा करण्यासाठी 'इस्रा' ही संस्था उभी राहिली. गीतकार आणि संगीतकारांसाठी 'आयपीआरएस' आहे. गौहरजान यांना जे स्वतःच्या तोंडानं पुकारावं लागलं, ते आज कायद्याच्या पुस्तकात आहे. पण कायदा पुस्तकातून आपणहून उठून तुमच्या दारात येत नाही.

म्हणून रेकॉर्डिंगला जाण्याआधी एका कागदावर या गोष्टी लिहून घ्या. गाण्याचे हक्क कोणाकडे राहणार? तुमचं नाव कुठे आणि कोणत्या अक्षरांत येणार? मानधन किती, कधी? गाणं पुढे जाहिरातीत वापरलं तर काय? गाणं प्रसिद्ध होताना त्याला आयएसआरसी नावाचा बारा अक्षरांचा ओळख-क्रमांक मिळतो, तो स्वतःकडे टिपून ठेवा. गाण्याच्या माहितीत गायकाचं नाव चुकलं तर पुढे दाद मागताना पहिली अडचण तिथंच येते. जुन्या गाण्याला स्वतःच्या आवाजात गाऊन प्रसिद्ध करणार असाल, तर शब्द आणि चाल दुसऱ्याच्या मालकीची आहे हे विसरू नका. त्याची परवानगी लागते. आणि जो माणूस "एवढे भरा, आम्ही तुमचं नाव करून देतो" म्हणतो, पण करार दाखवायला टाळाटाळ करतो, त्याच्या दारातून तसंच परत फिरा. स्टुडिओच्या वेळेचे पैसे देणं हा व्यवहार आहे. नावाचे पैसे देणं हा जुगार आहे.

पुढची वाट

यश म्हणजे एक गाणं लाखो लोकांनी ऐकणं, असं आपण धरून चालतो. ते कोणाच्या हातात नसतं. तुमच्या हातात जे आहे ते सांगतो. आकाशवाणीची ऑडिशन आजही मोलाची आहे. तिथं श्रेणी मिळते, आणि मुख्य म्हणजे नावाशिवाय, चेहऱ्याशिवाय फक्त आवाज पारखला जातो. तुम्ही ज्या राज्यात राहता तिथली भाषा गाण्यापुरती तरी शुद्ध करा. हैदराबादच्या मराठी गायिकेला तेलुगू कोरसमध्ये काम मिळू शकतं, बडोद्याच्या गायकाला गुजराती गरब्यात. कोरस गाणं, डमी गाणं, याला कमी समजू नका. माइकची सवय, लयीची शिस्त आणि चार संगीतकारांची ओळख तिथंच होते. डमी गाताना फक्त एवढं विचारून ठेवा की हा आवाज अंतिम गाण्यात राहिला तर नाव आणि मानधन काय.

आणि घरच्यांसाठी एक शब्द. मुलीच्या गाण्यासाठी पैसे बाजूला काढले असतील तर ते एकाच दिवसाच्या झगमगीत रेकॉर्डिंगवर घालवू नका. त्यातला थोडा भाग बऱ्यापैकी माइकसाठी, थोडा उच्चाराच्या शिक्षकासाठी ठेवा. सहा महिन्यांनी स्टुडिओत जा. तेव्हा लाल दिवा लागेल आणि ती बावरणार नाही, कारण त्या खोलीत जे घडतं ते तिनं घरी शेकडो वेळा केलेलं असेल.

या आठवड्यात एक गाणं निवडा. त्याचे शब्द स्वतःच्या हातानं कागदावर लिहा आणि प्रत्येक ओळीत श्वास कुठे घेणार तिथं खूण करा. सुरुवात इथून होते.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.